भवानीचं स्टूल

पावणेदहाला तहसीनने दारातलं स्टूल उचलून आत घेतलं, आणि नेमका त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी सुटकेसच्या चाकांचा आवाज आला. तो जागच्या जागी थिजला. स्टूल छातीशी धरलेलं, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तुर्कस्तानातल्या लालेलीच्या बाजारात एकतीस वर्षं चामड्याचे कोट विकलेल्या माणसाला चाकांचा आवाज ओळखता येतो. रिकामी सुटकेस फरशीवरून उड्या मारत येते, खडखडते. भरलेली गुरगुरत येते. हा आवाज गुरगुरण्याचा होता, आणि एक नाही, दोन सुटकेसींचा होता. म्हणजे हे गिऱ्हाईक आधी दुसऱ्या गल्लीत खरेदी उरकून आलेलं दिसतं, असं तहसीनच्या मनात आलं, आणि एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदा येऊ घातलेल्या गिऱ्हाइकाचा, ते नजरेला पडायच्या आधीच, त्याला सणसणून राग आला.

पण राग नंतर, आधी स्टुलाचं काय? कारण समोरच्या दुकानाच्या दारात बेदरी उभा होता. हातात चहाचा ग्लास, आणि बेदरीचं स्टूल अजून बाहेर होतं. दोनच मिनिटांपूर्वी बेदरीने विचारलं होतं, "झाली वाटतं भवानी, अबी?" बेदरी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, बावीस वर्षांचा शेजार, त्यामुळे अबी म्हणजे थोरला भाऊ. आणि थोरल्या भावाने मान हलवून सांगितलं होतं, "झाली. कझाक होता एक. दोन जॅकेटं नेली." त्या कझाकाला तहसीनने उभ्या उभ्या जन्माला घातलं, मिशीसुद्धा दिली. काल उझबेक होता, परवा युक्रेनची नवराबायको. खोटं बोलायचं तर निदान रोज देश बदलावा, एवढी अक्कल त्याला होती. बेदरीने छातीवर हात ठेवून "भरभराट होवो" म्हटलं, आणि तहसीनने स्टूल उचललं. आता ते परत बाहेर मांडायचं म्हणजे कझाकाला मारून टाकायचं.

ह्या गल्लीचा रिवाज आजोबा-पणजोबांच्या वेळचा. दुकान उघडलं की दारात स्टूल मांडायचं. दिवसाची पहिली विक्री झाली की ते आत घ्यायचं. ज्याचं स्टूल आत गेलंय त्याच्याकडे पुढचं गिऱ्हाईक आलं आणि शेजाऱ्याचं अजून बाहेर दिसलं, तर त्या गिऱ्हाइकाला सांगायचं, 'माझी भवानी झाली, तुम्ही त्याच्याकडे जा, माल तोच आहे.' तहसीनच्या बापाने हे शिकवताना त्याचा कान धरला होता. चांगला रिवाज आहे, कोण नाही म्हणतं? भरल्या बाजारात तर तो शोभतोच. दिवसाला तीस बायका कोट घालून आरशासमोर गिरक्या घेत असताना एखादी शेजारी पाठवायला काय जातं! तेव्हा सकाळी साडेनवाच्या आत गल्लीतली झाडून सगळी स्टुलं आत असत आणि माणूस उगाच थोर वाटे. आता एकेचाळीस दिवसांत सुई विकली गेली नव्हती, आणि तरीसुद्धा अकराच्या आत गल्लीतली सगळी स्टुलं आतच जात होती. हे कसं काय, असा प्रश्न तहसीनला पडायला हवा होता. पण त्याला वेगळाच प्रश्न पडत होता: ह्या बेदरीला रोज गिऱ्हाईक मिळतं तरी कुठून? तो रात्र रात्र तळमळायचा. आपलं खोटं तेवढं खोटं, आणि दुसऱ्याचं खरं!

खोटं सुरू झालं ते साधंच. पहिले काही दिवस दोघांचीही स्टुलं संध्याकाळपर्यंत बाहेर राहिली, तेव्हा बेदरी स्वतः चहा घेऊन आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होईल रे अबी, काळजी करू नको." तो हात तहसीनला सहन झाला नाही. माणूस भूक सोसतो, बायकोची बोलणी सोसतो, पण धाकट्या दुकानदाराचा खांद्यावरचा हात सोसायचा म्हणजे हद्द झाली. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला त्याने स्टूल आत घेतलं. बेदरीने डोळे बारीक करून पाहिलं आणि सव्वादहाला त्यानेही घेतलं.

आणि आज तर मे महिन्याचा शेवटचा दिवस. आज खोटं परवडणारं नव्हतं, कारण आजच्या दिवसावर त्याने आणि शुक्रानने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं लावून टाकलं होतं. मे संपेपर्यंत एक तरी कोट विकला गेला तर दुकान ठेवायचं. नाही तर संध्याकाळी किल्ल्या मालकाच्या भाच्याला द्यायच्या, तो तिथे मोबाइलची कव्हरं विकणार होता, आणि आपण दोघांनी चंबूगबाळं उचलून कुमलुजाला जायचं, शुक्रानच्या भावाकडे, टोमॅटोत. झियाचे टोमॅटो म्हणजे साधे नव्हेत. काचेच्या घरात वाढवलेले, एकसारखे, रशियाला जाण्यासाठीच जन्मलेले. रशियाने नाक मुरडल्यापासून ते नातेवाइकांकडे जात होते. दर पंधरवड्याला बसने चार पेट्या येत. न्याहारीला टोमॅटो, सुपात टोमॅटो, भातात टोमॅटो, गच्चीवर वाळत घातलेले टोमॅटो, बाथरूममध्ये बादलीत मुरत ठेवलेले टोमॅटो. परराष्ट्र धोरण म्हणजे काय हे टीव्हीवर सूटबूटवाले समजावून सांगत, पण तहसीनला ते रोज ताटात वाढलेलं दिसे. झिया फोनवर म्हणे, "ये रे दाजी, इथे मोकळी हवा आहे." मोकळी हवा! काचेच्या घरातली, घामाने निथळणारी मोकळी हवा! एकतीस वर्षं ज्याने कोकराच्या कातड्यावरून अंगठा फिरवून ते डोंगरावरचं की सपाटीवरचं हे सांगितलं, त्याने आता टोमॅटोवर अंगठा फिरवायचा.

आणि दोष कुणाला द्यायचा? आपल्या फौजेने सरहद्दीवर विमान पाडलं त्या दिवशी तो चहाच्या दुकानात होता. टीव्हीवर बातमी आली तशी सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, म्हणून त्यानेही हात उचलले. एक टाळी वाजली. दुसरी वाजायच्या आत त्याच्या डोक्यात आलं: अरे, पण विमान कुणाचं? रशियाचं, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांचं! हात हवेतच राहिले. इकडेतिकडे पाहिलं तर चामड्याच्या गल्लीतले सगळे तसेच, हात अर्धवट वर, तोंडं अर्धवट हसरी. त्या एका टाळीची त्याला अजून लाज वाटे. कधी वाटे, तेवढ्याने काय होणार होतं? कधी आरशात पाहताना वाटे, बघ, हाच तो टाळी वाजवणारा. मग थेट विमानं बंद झाली, मग सहली बंद झाल्या, मग शहरात स्फोट झाले आणि उरलेसुरले जर्मनसुद्धा घरी बसले. गल्लीच्या तोंडाशी तपासणीची पिवळी कमान आली आणि कमानीखाली एक पोलीस आला. कमानीची वीज चहावाल्याकडून घेतलेली. त्याने पाण्याची मोठी किटली लावली की कमान बंद पडे, आणि कमान चालू असली की चहा मिळत नसे. म्हणजे गल्लीला एका वेळी एकच काय ते मिळे, सुरक्षा नाही तर चहा. आत येणाऱ्या बाईला पोलीस सुटकेस उघडायला लावी. पूर्वी ती उघडायचा मान दुकानदाराचा होता.

चाकं जवळ आली आणि तहसीनने पाहिलं. ल्युबा! रशियातल्या सारातोवची ल्युबा, केस यंदा तांबडे, घामाने कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत दोन सुटकेसी. अठरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा चेक्सच्या एकाच पिशवीत अकरा कोट कोंबून, वर बसून तिने चेन लावली होती, आणि चेन तुटली तेव्हा तहसीनने मोठ्या सुईने ती पिशवी शिवून दिली होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा. सारातोवच्या बाजारात तिचं दुकान होतं, तिथे भिंतीवर तहसीनचा फोटो लावलाय असं ती सांगे. खरं-खोटं देव जाणे. त्याची रशियन भाषा तिच्यावरच घासून तयार झालेली. आणि ती भाषा तरी कसली? त्यात मापं होती, रंग होते, 'अस्सल कोकरू' होतं, सवलत सात प्रकारे सांगता येत होती. दुःखाला मात्र एकही शब्द नव्हता. विमान पडल्यावर त्याने ल्युबाला फोन लावला होता. काहीतरी माणसासारखं बोलावं म्हणून जीव तुटत होता, आणि तोंडातून निघालं, "चौदा दिवसांत बदलून मिळेल."

"तहसीन!" ल्युबा दारात येऊन धापा टाकत म्हणाली. अठरा वर्षांत तिनेही लालेलीपुरती तुर्की उचलली होती. "जिवंत आहेस ना? थेट विमान नाही, मिन्स्कवरून आले. आणि तो तुमचा कमानीखालचा पोरगा! अर्धा तास! आधी मला…"

तिने पुढे काही म्हणायच्या आत तहसीनची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. बेदरी बघत होता. बेदरीचं स्टूल बाहेर होतं. तहसीनच्या छातीशी त्याचं स्वतःचं स्टूल होतं, आत घेतलेलं, म्हणजे भवानी झालेलं. बापाने धरलेला कान पंचेचाळीस वर्षांनी गरम झाला. बोल, तो स्वतःला म्हणाला, अजून झाली नाही म्हण. काय होईल? बेदरी चहा घेऊन येईल आणि खांद्यावर हात ठेवेल. तो हात त्याला आत्ताच खांद्यावर जाणवला, चांगला ऊबदार आणि जड. आणि तहसीनच्या तोंडाने, तहसीनला न विचारता, सांगून टाकलं, "ल्युबा, माझी आज भवानी झाली. तू बेदरीकडे जा. माल तोच आहे."

"काय?"

"बेदरीकडे. समोर."

"मला तुझ्याकडेच यायचंय, वेड्या! तुझ्याशीच बोलायचंय."

"रिवाज आहे," तहसीन म्हणाला, आणि त्याला दिसलं की आपण आपल्या हाताने किल्ल्या देतोय, मोबाइलची कव्हरं टांगली जातायत, झिया बसस्टँडवर हात हलवतोय. आत काचेमागे फरचा कोट घातलेली बाहुली मे महिन्याच्या उकाड्यात त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्यासुद्धा नजरेला नजर द्यायचा धीर त्याला झाला नाही.

ल्युबाने तोंडातल्या तोंडात एक शब्द उच्चारला, जो तहसीनला कळला, कारण तो मापांच्या नंतर लगेच शिकला जातो. चाकं गुरगुरली. आणि ती वळत होती तेवढ्यात तहसीनने डोळ्यांनी पाहिलं की बेदरीने गडबडीने वाकून आपलं स्टूल उचललं आणि झटक्यात आत नेलं. सव्वादहाला अजून वीस मिनिटं होती!

"ल्युबा हानिम, बाईसाहेब, पायधूळ झाडलीत," बेदरी दारात छातीवर हात ठेवून म्हणाला, "पण माझीही भवानी आत्ताच झाली. फोनवर. तुम्ही आमच्या अबीचं जुनं गिऱ्हाईक, तुम्हाला मी कसा ठेवून घेऊ? अबीकडेच जा."

"तो म्हणतो तुझ्याकडे जा!"

"त्याचं मन मोठं आहे."

"फोनवर?" तहसीन इकडून ओरडला. "बेदरी, फोनवर कधीपासून भवानी व्हायला लागली?"

"आता सगळं फोनवर होतं, अबी. तुझा कझाक तरी कुठून आला? कमानीखालून तर आला नाही. मी सात वाजल्यापासून इथे उभा आहे."

तहसीनला वाटलं, फरशी फाटून आपण खाली जावं. त्याला माहीत होतं! कझाक नव्हता हे बेदरीला माहीत होतं, आणि तरी त्याने छातीवर हात ठेवून भरभराट मागितली होती. मग उझबेक? मग ते नवराबायको? सगळे, सगळे त्याला माहीत होते, आणि रोज तो त्यांना मान देत आला होता. तहसीनला राग यावा की रडू, हे ठरेना. दोन्हीही येईनात. नुसता कान गरम होत राहिला.

दोन दुकानांच्या मधोमध, भर गल्लीत, ल्युबाने दोन्ही सुटकेसी सोडल्या. "माझे पाय सुजलेत," ती म्हणाली. "सत्तावीस तास झाले मी निघून. आम्हाला तिकडे सांगतात की तुर्कस्तानात जाऊ नका, धोका आहे. दुकानदारांना वेड लागलंय हे कुणी सांगितलं नाही. मला दोघंही काही विकू नका. पण एवढ्या लांबलचक गल्लीत बसायला एक स्टूल नाही का रे मेल्यांनो?"

खरंच नव्हतं. तहसीनने गल्लीभर नजर टाकली. एकोणीस दुकानं आणि सगळी स्टुलं आत. आणि हातात तर स्टूल होतं. साधं, तीन पायांचं, बापाच्या बसण्याने मधे खोलगट झालेलं. ते घेऊन तीन पावलं पुढे जायचं आणि तिच्यापाशी ठेवायचं, एका दमलेल्या बाईला बसायला द्यायचं, एवढीच गोष्ट. पण बाहेर ठेवलेलं स्टूल म्हणजे काय हे गल्लीतल्या एकोणीस दारांना कळत होतं, आणि एकोणीसही दारांत आता कुणी ना कुणी येऊन उभं होतं. तहसीनने ल्युबाचे पाय पाहिले. बुटांच्या पट्ट्या मांसात रुतल्या होत्या. चल, तो स्वतःला म्हणाला, एक टाळी वाजवलीस, आता एक काम कर. त्याने उंबरा ओलांडला. तीन पावलं. फरशीवर स्टूल टेकताना त्याचा ठण्ण आवाज झाला, आणि तहसीन मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "माझी भवानी झालेली नाही. आज नाही. एकेचाळीस दिवस नाही."

ल्युबा मटकन बसली. बाकी कुणी हाललं नाही. मग बेदरी आत गेला आणि स्वतःचं स्टूल घेऊन बाहेर आला. "अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. स्टूल तहसीनच्या पायाशी ठेवून त्याने नाक पुसलं. "बस अबी. मी तुझ्या पुढे आहे."

"अठ्ठेचाळीस? मग तू माझ्या आधीपासून…"

"आधीपासून. तू स्टूल आत घ्यायला लागलास, मग मी तरी कसा बाहेर ठेवू? तू म्हणाला असतास, बिचारा बेदरी! खांद्यावर हात ठेवला असतास."

तहसीनला हसू फुटलं ते पोटातून, आवरेना. एक एक करत पलीकडच्या दारांतून स्टुलं बाहेर यायला लागली, कुणी लपवून, कुणी आपटून, कुणीतरी ओरडलं, "साठ!" आणि त्याला सगळ्यांनी मानाने पुढे बसवलं. किटली लागली, चहा आला, म्हणजे तिकडे कमान बंद पडली असणार. ल्युबाने बूट काढले, चहा प्यायली, आणि मग खाली मान घालून म्हणाली, "आता कुणीतरी मला बोलू द्याल का? मी घ्यायला नाही आले."

तिने दोन्ही सुटकेसी उघडल्या. आत कोट होते. तहसीनने ते हात न लावता ओळखले. आपल्या टाक्यांना माणूस कसा विसरेल? गेल्या शरदातले, त्याचेच, बावीसच्या बावीस, कागदाच्या घड्यासुद्धा त्याच्या. "रुबल पडला," ल्युबा म्हणाली. "कोट कोण घेतो? दुकान बंद केलं. सगळीकडे फिरले, कुणी एक घेतला नाही. तू नेहमी म्हणायचास बदलून मिळेल. चौदा दिवस कधीच गेले, मला माहीत आहे. पण दुसरं कुणाकडे जाऊ?" आणि ती, अठरा वर्षं भाव करताना जिने कधी पापणी लववली नव्हती, ती बाई गल्लीच्या मधोमध स्टुलावर बसून रडायला लागली. तहसीनला रशियन आठवेना, तुर्कीही आठवेना. तिकडे कुणी टाळी वाजवली होती का, असा एक वेडा प्रश्न त्याच्या मनात आला. तो गुडघ्यांवर बसला आणि कोट चाळायला लागला, कारण हातांना तेवढंच येत होतं. चौपन्न, छप्पन्न, बावन्न, आणि अगदी तळाशी एक चाळीस मापाचा, जांभळट, खांदे अरुंद.

"हा तर आमच्याकडे कुणालाच होत नाही," ल्युबा नाक ओढत म्हणाली. "हा कुणासाठी कापला होतास?"

"माहीत नाही," तहसीन म्हणाला, आणि ते खरं होतं. कातडं थोडं उरलं होतं, हात आपोआप फिरला होता. त्याने खिशात हात घातला आणि असेल ती नोट काढून तिच्यापुढे धरली. "हा मी घेतला."

"तू? विकत?"

"तुझी भवानी कधी झाली होती शेवटची?"

तिने बोटांवर दिवस मोजले आणि मधेच सोडून दिले. मग गल्लीत करतात तसं तिने ती नोट आधी जमिनीवर टाकली, उचलली, हनुवटीला लावली, आणि ओल्या तोंडाने हसली. एकोणीस दुकानांनी छातीवर हात ठेवून तिच्यासाठी भरभराट मागितली. बेदरीने पुढे होऊन एक बावन्न मापाचा उचलला आणि म्हणाला की माझी बायको जाडी आहे, कुणी हसायचं नाही.

तहसीन कोट काखेत मारून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात गेला. शब्द पाळायला हवा होता, मग संध्याकाळची वाट कशाला बघायची? त्याने घरी फोन लावला.

"झाली का?" शुक्रानने विचारलं. तिच्या आवाजात विचारायचीच भीती होती, हे त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"नाही झाली. एकेचाळीस दिवस झालेली नाही. आणि गल्लीत मात्र मी रोज झाली म्हणून थापा मारत होतो." मग तो सांगत गेला, कझाक, स्टूल, ल्युबाचे पाय, बावीस कोट, सगळं. "आणि वर मी एक विकत घेतला. माझाच. सामान बांध, शुक्रान."

तिकडे नळ चालू होता तो बंद झाला.

"म्हणजे तू विकायला बसलास आणि विकत घेऊन उठलास," ती म्हणाली.

"हो."

"केवढा आहे?"

"चाळीस. खांदे बारीक आहेत. जांभळा म्हणावा तसा."

मग शुक्रान हळूच म्हणाली, "एकतीस वर्षांत अख्ख्या रशियाला कोट घातलेस तू. माझ्या अंगावर अजून आईने विणलेला स्वेटर आहे, माहीत आहे ना?"

तहसीनने हातातल्या कोटाकडे पाहिलं. खांद्यांवरून अंगठा फिरवला. ह्या खांद्यांचं माप त्याने पट्टीने घेतलेलंच नव्हतं, ते हातांना पाठ होतं. त्याने कोटाची नीट घडी घातली आणि म्हटलं, "आणतो."

"आण. आणि त्या भाच्याला सांग, किल्ल्या मिळणार नाहीत."

"अगं पण आपलं ठरलं होतं. झियाकडे…"

"कुमलुजाला कुठे थंडी पडते?" शुक्रान म्हणाली. "चामड्याचा कोट घालून मी टोमॅटोच्या घरात उभी राहू का? हिवाळा इथेच काढू."